केआय-६७ : पस्तीस ते सहा. हिंगणघाट ते नागपूर, उपचारांचे दहा महिने

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी स्तनाच्या कर्करोगासाठीचे माझे शेवटचे रेडिएशन झाले आणि माझी फाईल ‘उपचार सुरू’च्या कप्प्यातून ‘तपासणीसाठी’च्या कप्प्यात गेली. मी हिंगणघाट तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते. पेशीचक्राची, म्हणजे एका पेशीच्या दोन होण्याच्या टप्प्यांची, आकृती चौदा वर्षे फळ्यावर काढत आले, पण त्या वर्तुळाशी माझा व्यक्तिगत संबंध येईल असे कधी वाटले नव्हते. आमच्या भागातील बायकांना नागपूरच्या वाऱ्या करताना कोणता कागद कोणत्या दिवशी लागतो हे कोणी सांगत नाही, आणि केमोच्या दोन डोसांमध्ये एकवीसच दिवस का, हे तर त्याहून कोणी सांगत नाही. त्या दोन्ही गोष्टी मी येथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषध आणि मात्रा ठरवणे हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचेच काम आहे.

२०२३च्या दिवाळीत माळा साफ करून आंघोळीला गेले तेव्हा डाव्या स्तनात चिंचोक्याएवढे काहीतरी हाताला लागले. तालुक्याच्या ठिकाणी ज्यांना दाखवले त्यांनी “दुखत नाही ना, मग काळजी नको” असे म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. न दुखणे हे निर्धास्त होण्याचे कारण नाही, कारण स्तनातील कर्करोगाच्या गाठी बहुतेक वेळा दुखत नाहीतच, हे मला माहीत असायला हवे होते. मात्र सगळा दोष त्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वेचणी सुरू होती, मजूर मिळत नव्हते आणि ‘वेचणी आटोपली की जाऊ’ असे म्हणत डिसेंबर मीच घालवला.

२ जानेवारी २०२४ रोजी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली (दोन्ही मिळून २,४०० रुपये) आणि ६ जानेवारीला जाड सुईने तुकडा घेतला (३,००० रुपये). पहिला अहवाल सहा दिवसांत आला, पण तो अर्धाच असतो. त्याच तुकड्यावर रंगांची पुढची चाचणी, जिला सगळे ‘आयएचसी’ म्हणतात, करावी लागते. तिचे ४,५०० रुपये आणि आणखी आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मी अकरावीचे पेपर तपासले. एका मुलाने ‘जी-झिरो’ म्हणजे ‘विश्रांती घेणारी पेशी’ असे लिहिले होते. त्याला मी अर्धा गुण दिला आणि नंतर उगाचच पूर्ण केला.

येथे माझी सर्वांत मोठी चूक झाली. मी प्रयोगशाळेतून केवळ कागदी अहवाल घेऊन आले. २३ जानेवारीला नागपूरच्या रुग्णालयाने पहिलाच प्रश्न विचारला, “ब्लॉक आणि स्लाइड कुठे आहेत?” ब्लॉक म्हणजे आपला तुकडा मेणात बसवलेली, अंगठ्याच्या पेराएवढी वडी. तिच्यापासून पुन्हा पुन्हा काप काढून तपासणी करता येते आणि मोठी रुग्णालये स्वतः पाहिल्याशिवाय उपचार सुरू करत नाहीत. ती आणायला परत गेले तेव्हा लेखी अर्ज हवा म्हणाले, दुसऱ्यांदा गेले तेव्हा ब्लॉक सापडत नव्हता आणि तिसऱ्यांदा तो दुसऱ्याच नावाच्या पाकिटात मिळाला. वडीवर कोरलेला क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक तिथेच काउंटरवर उभे राहून जुळवून पाहा. नावावर विसंबू नका.

अहवालात होते : गाठ ४.२ सेंटिमीटर, काखेतील एका ग्रंथीत लागण, इस्ट्रोजेन रिसेप्टर (ते संप्रेरक पकडणारे पेशीतले प्रथिन) ९० टक्के, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर ६० टक्के, हर-२ (वाढीचा संदेश घेणारे प्रथिन) ऋण, केआय-६७ ३५ टक्के. शेजारी बसलेली प्रत्येक बाई आपला केआय-६७ सांगत होती, जणू दहावीचे टक्केच. हे एका प्रथिनाचे नाव आहे. १९८३ साली जर्मनीतील कील शहरातल्या संशोधकांना ते ओळखणारे प्रतिपिंड प्लेटमधील ६७ क्रमांकाच्या खळग्यात मिळाले, म्हणून कीलचे ‘की’ आणि खळग्याचा ६७. पेशी चक्रात फिरत असेल, म्हणजे जी-१ (वाढ), एस (डीएनएची नक्कल), जी-२ (तयारी) किंवा एम (विभाजन) या कोणत्याही टप्प्यात असेल, तर हे प्रथिन तिच्या केंद्रकात असते. चक्राबाहेर, जी-झिरोमध्ये बसलेल्या पेशीत ते नसते. माझ्या गाठीतील शंभरातल्या पस्तीस पेशी त्या क्षणी चक्रात होत्या, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. फळ्यावरच्या माझ्या आकृतीत किती जणी आत आहेत याची कोणीतरी शिरगणती केली होती.

गाठ मोठी आणि काखेत लागण असल्यामुळे आधी केमो, मग शस्त्रक्रिया असे ठरले. आमच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे, त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसले. (वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशिम या जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही तेव्हा सातबारा दाखवून योजना मिळत असे, अनेकांना हे ठाऊकच नव्हते.) परंतु शिधापत्रिकेवर माझे नाव माहेरच्या वळणाचे आणि आधारवर सासरचे. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने ते पाहताक्षणी फाईल बाजूला ठेवली. तहसील कार्यालयातील दुरुस्तीला अकरा दिवस लागले, मध्ये प्रजासत्ताक दिनाची सुटी आणि एक दिवस ‘सर्व्हर डाऊन’. आरोग्यमित्र नियमाने वागत होता, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्यानेच नंतर प्रत्येक डोसाची वेगळी मंजुरी वेळेवर मिळवून दिली. ज्यांच्या घरी कोणी आजारी नाही त्यांनीही आज शिधापत्रिका आणि आधार शेजारी ठेवून नावे अक्षरशः ताडून पाहावीत. निदानापूर्वीच्या तपासण्यांचे पैसे मात्र खिशातूनच गेले.

प्रवासाचे तेवढे सांगून टाकते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहेच. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबत्याला द्वितीय श्रेणीत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र रुग्णालयातून भरून घ्यावे लागते. माझ्या पहिल्या प्रमाणपत्रावर गोल शिक्का नव्हता, त्यामुळे ते खिडकीवरून परत आले.

५ फेब्रुवारीला पहिला डोस झाला. आधी हृदयाची टू-डी इको काढली होती, कारण डॉक्सोरुबिसिन या औषधाने हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते आणि आयुष्यभरात त्याची एकूण किती मात्रा द्यायची यालाही मर्यादा आहे. डे-केअरमध्ये, म्हणजे दिवसभरात केमो देऊन घरी सोडणाऱ्या विभागात, त्याला सगळे ‘लाल औषध’ म्हणतात. परिचारिका मोठ्या सिरिंजमधून ते हळूहळू, दर थोड्या वेळाने शीर तपासत देते, कारण शिरेबाहेर गळले तर कातडी जळते. ते दुसऱ्या दिवशीपर्यंत लघवीतून लालच बाहेर पडते. कोणी आधी सांगितले नाही तर माणूस घाबरून अर्धा होतो. त्यानंतर सायक्लोफॉस्फामाइडचे सलाईन. ते मूत्राशयाला त्रास देते, म्हणून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी प्यायचे आणि लघवी अडवून धरायची नाही. एसटीच्या प्रवासात हे अवघड जाते, म्हणून त्या रात्री आम्ही नागपुरातच नणंदेकडे राहिलो.

सिरिंज रिकामी होत होती तेव्हा डोळे मिटून मी मनाशी पाठ म्हणत होते. डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरते आणि टोपोआयसोमरेज-२ या विकराला डीएनए कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते, त्यामुळे दोन्ही धागे तुटतात. तुटलेले टोक दिसले की पेशीत एटीएम नावाचे प्रथिन जागे होते आणि पी-५३ या पहारेकरी प्रथिनाला टिकवून धरते. एरवी पी-५३ तयार होते तसे लगेच नष्ट केले जाते. आता ते साठते आणि जनुकांवर जाऊन बसते. पी-२१चे जनुक त्याने चालू केले की पी-२१ हे प्रथिन सायक्लिन या चक्र पुढे ढकलणाऱ्या प्रथिनांच्या जोडीदार विकरांना, म्हणजे सीडीकेंना, धरून ठेवते. सीडीके थांबले की आरबी हे प्रथिन आपल्या मुठीतील ई-२-एफला सोडत नाही, आणि ई-२-एफ सुटले नाही तर पुढच्या टप्प्याची जनुके, सायक्लिन-ई, सायक्लिन-ए, डीएनए बनवणारी विकरे, गप्प राहतात. पुढे सायक्लिन-बी आणि सीडीके-१ यांची जनुकेही मंदावतात. मोडतोड दुरुस्त होण्यापलीकडची असेल तर तेच पी-५३ पेशीला मारणारी जनुके चालू करते. थोडक्यात, औषध स्वतः थोडेच करते. ते पेशीला तिच्याच नियमांवर आणून सोडते. ज्या पेशींचे पी-५३ आधीच बिघडलेले असते त्या हा नियम पाळत नाहीत. माझ्या गाठीतील पी-५३ कोणी तपासले नव्हते, ते सरसकट तपासतही नाहीत. त्यामुळे मी जे म्हणत होते तो पाठ होता, अहवाल नव्हता.

पण हा हुकूम गाठीपुरता थांबत नाही. शरीरात ज्या पेशी सतत विभागतात, अस्थिमज्जेतल्या, तोंडाच्या आतल्या, केसांच्या मुळांतल्या, त्यांनाही तो ऐकू येतो. पहिल्या डोसानंतर पंधराव्या दिवशी विंचरताना फणीत केस आले नाहीत. उशीवर आले, एकगठ्ठा. त्याच दुपारी घरी लेकीकडून कात्रीने सगळे कापून घेतले. पंधरा दिवस रोज थोडे थोडे गळताना पाहण्यापेक्षा ते बरे झाले.

पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात त्या साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी, आणि विसाव्या-एकविसाव्या दिवसापर्यंत मज्जा त्यांना पुन्हा भरून काढते. म्हणून एकवीस दिवस. डॉक्टरांच्या रजा किंवा खाटांची उपलब्धता हे त्याचे कारण नाही. दिनदर्शिकेवर मी प्रत्येक डोसाचा दिवस लाल आणि दहा ते चौदा हे दिवस पेन्सिलीने काळे करून ठेवत असे. त्या काळ्या दिवसांत लग्न नाही, आठवडी बाजार नाही, कच्ची कोशिंबीर नाही. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल घेऊन झोपायचे नाही, रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. यासाठी ओळखीच्या गाडीवाल्याचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवला होता.

पांढऱ्या पेशी वाढवणारी फिलग्रास्टिमची इंजेक्शने डोसानंतर घरी घ्यायची होती. ती दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात आणि गोठू द्यायची नसतात. आमच्या गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. पहिल्या वेळी मी ती बर्फात थेट पुरून आणली आणि एक गोठल्यासारखी वाटली म्हणून टाकून द्यावी लागली. नंतर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, तिच्यावर टॉवेल आणि त्यावर इंजेक्शन, असे आणून औषध दुकानदाराच्या फ्रीजमध्ये ठेवत असू. प्राथमिक आरोग्य केंद्रातील सिस्टर टोचून देत. त्यासाठी रुग्णालयाची चिठ्ठी मात्र त्यांना लागते.

तिसरा डोस १८ मार्चला होता. सकाळी सातला रक्त दिले, अकराला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल, आला. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ९००, डोससाठी कमी. “आठवडाभराने या.” पुढचा सोमवार धुळवडीचा, म्हणून मंगळवार, २६ मार्च. गाडीभाडे, नणंदेकडचा मुक्काम, महाविद्यालयात घेतलेली बिनपगारी सुटी, सगळे फुकट गेले आणि मी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून रडले. माझे यजमान मात्र शांत होते. गाडीत ते म्हणाले, “वावरात वापसा नसला तर डवरा घालतो का आपण? आठ दिवस थांबतोच ना.” मग त्यांनीच विचारले की एकाच वेळी भरपूर औषध देऊन मोकळे का होत नाहीत. मी म्हटले, डवरणी, म्हणजे डवऱ्याने तण काढणे, एकदाच करून का भागत नाही? त्यांचे उत्तर तयार होते : “उगवलं तेच तण डवऱ्याले सापडते. मातीतलं बी मागून येते.” चक्राबाहेर बसलेल्या पेशींविषयी याहून चांगले उदाहरण मला चौदा वर्षांत सुचले नव्हते. अर्थात ही दोन औषधे विश्रांतीतल्या पेशीच्याही डीएनएला धक्का लावतात. पण धक्क्याचा हिशेब चुकवावा लागतो तो पेशी चक्रात शिरते तेव्हा.

चौथा डोस १६ एप्रिलला झाला आणि २६ एप्रिलला वर्धा मतदारसंघाचे मतदान आले, नेमका दहावा दिवस. मास्क लावून सकाळी सातला, रांग लागण्यापूर्वी जाऊन आले.

७ मेपासून दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, एकूण बारा. वैशाखात दर मंगळवारी पहाटे पाचला निघायचे. हे औषध मूळचे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतले, आणि त्याचे काम लाल औषधाहून अगदी वेगळे. गुणसूत्रे ओढून नेणारे तर्कूचे धागे, म्हणजे अतिसूक्ष्म नलिका, ते घट्ट करून टाकते, ते लांबतही नाहीत आणि आखडतही नाहीत. तोवर पेशी एम टप्प्यात शिरलेली असते, सायक्लिन-बी शिगेला पोचलेले असते. धागे नीट जुळल्याची खात्री होईपर्यंत पेशी सायक्लिन-बी मोडत नाही, आणि ती खात्री कधीच होत नाही. म्हणजे लाल औषधाने जे सायक्लिन-बी उतरते तेच येथे उंच अडकून राहते, आणि तरीही पेशी थांबते. शिवाय विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे इतकी आवळलेली असतात की नवी जनुके फारशी वाचलीच जात नाहीत. सुटकेचा आदेश लिहायलाही जागा नाही. हे वाचून मला जो आनंद झाला तो त्या परिस्थितीत थोडा विचित्रच होता.

मज्जातंतूंच्या पेशी विभागत नाहीत, पण त्यांच्या लांबच लांब धाग्यांतून मालाची ने-आण याच नलिकांवरून होते. म्हणून सहाव्या आठवड्यापासून बोटांना मुंग्या येऊ लागल्या. खडू हातातून सुटे, ब्लाऊजचे हूक लागेनात. हे डॉक्टरांना त्या त्या आठवड्यात सांगावे, मात्रा कमी करता येते. मी तीन आठवडे सांगितले नाही, डोस थांबवतील या भीतीने. पायाच्या अंगठ्यांतली बधिरता अजून आहे.

याच काळात एक शेजारीण सदाफुलीचा पाला घेऊन आली. “काहून व बाई, एवढ्या दूर जातं? यातूनच कॅन्सरचं औषध काढते म्हणते.” ती चुकीचे सांगत नव्हती. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन मिळतात आणि तीही त्याच धाग्यांवर काम करतात, फक्त उलट बाजूने : धागे तयारच होऊ देत नाहीत. परंतु पानांत ती अत्यल्प आणि कमीजास्त असतात, सोबत इतर अनेक विषारी द्रव्ये असतात आणि माझ्या पांढऱ्या पेशी आधीच काठावर होत्या. पाला मी ठेवून घेतला, तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर उकिरड्यावर टाकला. आमच्याकडे मधुमेहासाठीही तो खातात. केमो चालू असताना कोणीही खाऊ नये.

जुलैत ताप येऊन एक आठवडा हुकला, बारावा डोस ३० जुलैला झाला. डे-केअरमध्ये नेहमी शेजारी असणाऱ्या आर्वीकडच्या ताईंचा आजार हाडांत गेलेला होता. त्यांना सलाईन नव्हते, पॅल्बोसिक्लिबच्या गोळ्या होत्या, एकवीस दिवस घ्यायच्या आणि सात दिवस थांबायचे. हे औषध सीडीके-४ आणि सीडीके-६ यांनाच थेट अडवते, म्हणजे पेशीला जी-१च्या दारात उभे करते. जानेवारी २०२३मध्ये त्याचे पेटंट संपल्यावर देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या म्हणून आपल्याला परवडते, असे त्या सांगत.

२७ ऑगस्टला शस्त्रक्रिया झाली. स्तन काढावा लागला नाही. पोळ्याच्या दिवशी, २ सप्टेंबरला, ड्रेनची नळी पदराखाली बांधून मी बैलांना ओवाळले. ६ सप्टेंबरला अहवाल आला. उरलेली गाठ ०.९ सेंटिमीटर, काखेतील ग्रंथी स्वच्छ. उरलेल्या गाठीवर केआय-६७ पुन्हा करून देण्याची विनंती मी लेखी केली होती, त्याचे पैसे वेगळे पडले. सहा टक्के.

त्या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत बसले आणि मग स्वतःला आवरले. फिरणाऱ्या पेशी मेल्या आणि मुळातच संथ असलेल्या उरल्या, म्हणूनही टक्केवारी उतरते. किंवा पेशी जिवंत आहेत, पण पी-२१ने त्यांना थांबवले आहे, आणि केआय-६७चे जनुकही त्याच साखळीत दबले आहे, म्हणूनही उतरते. काचपट्टीवर दोन्ही सारखेच दिसते. पहिल्या शक्यतेत फिरणारी पेशी मेलेली आहे, दुसऱ्या शक्यतेत ती उद्या पुन्हा चक्रात येऊ शकते. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, “चांगले लक्षण आहे, पण म्हणूनच पुढची गोळी चुकवायची नाही.” मला हे उत्तर पेढे वाटण्यापेक्षा प्रामाणिक वाटले. घरी मात्र सगळ्यांनी पेढे वाटले.

रेडिएशनविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ७ ऑक्टोबरपासून सोमवार ते शुक्रवार, पंधरा वेळा, यंत्राखाली काही मिनिटे. नणंदेकडे राहिले. दसरा शनिवारी आला म्हणून दिवस बुडाला नाही, पण दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे त्या आठवड्यात गावी येण्याचा विचार सोडून दिला. कातडीवरच्या शाईच्या खुणा पुसायच्या नाहीत आणि सुती, सैल कपडे घालायचे, एवढे पुरे.

२८ ऑक्टोबरपासून टॅमॉक्सिफेन, रोज २० मिलिग्रॅम, निदान पाच वर्षे. इस्ट्रोजेन आपल्या रिसेप्टरवर बसले की जी जनुके चालू होतात त्यांत सायक्लिन-डी-१ आहे, चक्रात शिरण्याची पहिली किल्ली. टॅमॉक्सिफेन त्या जागेवर आधीच जाऊन बसते. सगळ्या उपचारांत ही गोळी सर्वांत स्वस्त, आणि विसरायला सर्वांत सोपी. मी ती रात्री नऊला, तुळशीपुढचा दिवा आत आणताना घेते. मध्येच अंगावरून रक्तस्राव झाला तर लगेच दाखवायचे, एवढे लक्षात ठेवले आहे.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गावातील एक बाई सुनेबरोबर माझ्याकडे आल्या. पिशवीत नवा अहवाल, घडी घालून चार ठिकाणी मोडलेला. सुनेने विचारले, “मॅडम, केआय-६७ बावीस म्हणजे लई आहे का?” मी म्हटले, ते नंतर सांगते, आधी सांगा, ब्लॉक ताब्यात घेतला का? नव्हता घेतला. दुपारचे दोन वाजले होते आणि प्रयोगशाळा पाचला बंद होते. मी अर्ज लिहून दिला, त्यांच्या आधारची झेरॉक्स सोबत लावली, अहवालावरचा क्रमांक मोठ्या अक्षरांत अर्जाच्या वर लिहिला आणि त्यांना तीनच्या एसटीत बसवून आले.